शिसमची मूठ आणि अडलेली ओळ

नाना, तुम्ही बसवलेली माझ्या चाकूची मूठ या उन्हाळ्यात चिरली. पातं अजून चांगलं आहे, धार लावून लावून बारीक झालंय एवढंच. पण एका बाजूचं लाकूड खिळ्यापासून उकललं आणि पेरू कापताना तळहातात रुतलं. सून म्हणाली, "टाका आता, बाजारात हवे तसे मिळतात." मी कळसाडीच्या सुताराकडून जुन्या बैलगाडीच्या शिसमचा तुकडा आणला आणि तुमचाच लेक, तुमच्यासारखा ओसरीत पाय पसरून बसलो.

आठवतं का, मला मास्तरकी लागली तेव्हाचं? आई चुलीपुढे भाकरीचं पीठ मळत होती. तुम्ही परातीतला गोळा उचलून माझ्या हातात दिलात. "चाकू धरस ना, तसा दाब." मी दाबला, बोटांचे खळगे उमटले. आई कडाडली, "आते ह्या पीठनी भाकर कोण थापी? मास्तरनी मूठ खावानी का आम्ही?" तुम्ही तो गोळा कोनाड्यात ठेवलात, त्याच्याकडे बघत बघत लाकडाला ढोबळ आकार आणलात, आणि मग आईनं त्याचीच भाकरी थापली. ती तुम्हीच खाल्लीत, चटणीशी, मिटक्या मारत.

त्याच संध्याकाळी तुम्ही मूठ घासायला बसता आणि मी उद्याची कविता म्हणून बघतो. पहिल्यांदाच वर्गापुढे उभं राहायचं होतं. क्रमिक पुस्तकातली ती नदीची कविता. पहिलं कडवं ऐकून तुम्ही विचारता, "हाई आपली गोमाई शे का?" मी म्हणतो, नाही नाना, ही पुस्तकातली. "मंग तिले बारमाही पाणी ऱ्हाई," म्हणून तुम्ही हसता. आधी काचेच्या तुकड्यानं खरवडणं, मग पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेनं, कधी आडवा नाही. हळूहळू तुमचा हात कवितेच्या चालीवर धावायला लागतो. अर्ध्या ओळीला पुढे, अर्ध्या ओळीला मागे. दुसऱ्या कडव्यात मी अडतो. तुमचा हात तिथंच थांबतो. "म्होरे काय शे, मास्तर?" मला आठवत नाही. "पोरेस्ना म्होरे बी असाच अटकशी का? लाकूड वाट देखी ऱ्हायनं." मी चरफडत पुस्तक उघडतो, ओळ सापडते, हात पुन्हा चालू लागतो. शेवटी जवसाचं तेल चोळून तुम्ही चाकू माझ्यापुढे धरलात तेव्हा मूठ पाण्यातल्या दगडासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात माझा हात खिशात त्या मुठीवर होता, आणि कविता कुठेही न अडता पार गेली.

आयुष्यभर पोरांना कविता शिकवल्या, नाना. आता त्या एकेक करून मला सोडून चालल्यात. कालपरवापर्यंत अख्खी येणारी कविता सकाळी बघावी तर निम्मी गेलेली. बाकीच्यांचं मी मनाला लावून घेत नाही. पण नदीची कविता गेली तर तिच्यासोबत तुमचा हात जाईल, तो थांबणारा आणि पुन्हा निघणारा, ही धास्ती होती. म्हणून मूठ घासताना तीच म्हणायला घेतली. पहिलं कडवं वाहत गेलं. दुसऱ्यात, तिथंच, बरोब्बर तिथंच अडलो. पॉलिश पेपर हातात तसाच.

लोणखेड्याला कॉलेजात जाणारी नात शेजारीच बसली होती. "आजोबा, पुढे काय? मोबाइलवर बघू का?" तिनं शोधली, वाचूनही दाखवली. ओळ बरोबर होती, सुंदर होती. मी दोनचारदा घोकली. आता पाठ आहे.

मूठ झाली. तुम्ही केलेल्या मुठीइतकी गुळगुळीत नाही, अंगठ्याजवळ थोडी जाड राहिली. कालच तेल दिलंय, अजून पुरतं मुरलेलं नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? याच कागदात चाकू गुंडाळून ठेवतो. तेल अक्षरांतून पसरलं तर पसरू दे.

एक मात्र नातीला सांगितलेलं नाही. ती ओळ आता मला येते, नाना. तरी रोज तिथं आलो की मी मुद्दाम थांबतो. तुम्ही विचारावं म्हणून.