नेहमीचंच

४ मार्च
आमचे डॉक्टर निवृत्त झाले. मला विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या खुर्चीत आता एक तरुण डॉक्टरीण बसते. पोरीसारखी आहे, पण माझी ओळख तिला किती? डॉक्टरांसमोर बसून ‘नेहमीचंच’ एवढं म्हटलं की ते जिभेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं बघायचे. एका शब्दात काम. असं दुसरं माणूस सापडेपर्यंत त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही.

९ मार्च
नवे बूट चावले. डाव्या अंगठ्याला फोड. शुगरवाल्यांनी पाय जपावा, असं डॉक्टर सांगायचे. जपतोच आहे. मोज्याच्या बाहेर काढत नाही.

१३ मार्च, दुपार
मोठं हॉस्पिटल. टोकन, रांग, एसी. कॉम्प्युटरकडे बघत एका डॉक्टरनं विचारलं, काय होतंय. म्हटलं, नेहमीचंच. त्यानं नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या. मोजा काढा म्हणालाच नाही. न विचारता कसा काढणार? रीत असते. घरी ही म्हणाली, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता. हिला वैद्यकातलं काय कळणार.

१८ मार्च
तेच हॉस्पिटल, डॉक्टर दुसराच. त्यालाही तेच सांगितलं. म्हणाला, नवीन काही नाही ना, मग छान. हल्ली शिकवतात तरी काय? बाकी फोड दुखत नाही. म्हणजे बरा होतोय.

२१ मार्च
अंगठा काळसर दिसतो. बुटाचा रंग लागला असणार. हिला खोलीत वास येतो. मोजे बदलले. मुलीचा फोन आला, बाबा, पाय कुणाला तरी दाखवा. सांगितलं, दोन डॉक्टरांना दाखवून झालं. पायासकट गेलो होतो, तेव्हा खोटं नाही.

२३ मार्च
ताप. हुडहुडी. पाय जाईल की काय, असं मनात आलं. विचार झटकला. परत आला. हिचा डोळा चुकवून पाय पांघरुणात घेतला. आज एकदाही मोजा काढायचा धीर झाला नाही.

२४ मार्च
गाडी करून डॉक्टरांचं घर गाठलं. कुंड्यांना पाणी घालत होते. म्हटलं, नेहमीचंच. झारी ठेवून त्यांनी मला पायरीवर बसवलं, खाली वाकून स्वतः मोजा काढला. अंगठा निरखून पाहिला. मग म्हणाले, अहो, त्या तुमच्या शब्दावरून मला कधी काडीचंही कळलं नाही. म्हणून तर सगळं अंग तपासायचो. त्यांनीच डॉक्टरणीला फोन लावला. ती ताबडतोब आली.

२७ मार्च, वॉर्ड
अंगठा काढला. पाय राहिला. डॉक्टरीण ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत हात धरून होती, असं ही सांगते.

३० मार्च
डॉक्टरीण भेटायला आली. स्टूल ओढून बसली. तिला सगळं सांगितलं. तळव्यांना कधीपासून काही लागलेलं कळत नाही, गोळ्या कधी चुकतात, चोरून गोड काय खातो, कशाची भीती वाटते. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. निम्मं दुखणं तिथंच उतरलं. म्हटलं, बाळ, आता मरेपर्यंत तुझाच दवाखाना.
ती ओशाळली. म्हणाली, काका, मला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय, सोमवारपासून दुसरे डॉक्टर बसतील, फार चांगले आहेत.
ती गेल्यावर ही म्हणाली, त्यांनाही असंच सगळं सांगा हं.
म्हटलं, आधी विचारून ये, ते किती दिवस टिकणार आहेत.