माऊस नेल्यावर दिसणारी नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

डोकं फिरलंय! अभयने माझ्या फोटोंसाठी बनवलेल्या साइटची लिंक पाठवली. उघडली, तर आधी काळा पडदा आणि मधोमध एक गोल. शून्य टक्के. बारा टक्के. सदतीस टक्के... अरे, फोटो दाखवतोयस की रॉकेट सोडतोयस? मग माझं नाव एकेक अक्षर करत टाइप झालं — सो... न... ल. मग खाली नाचणारा बाण. मग एकदाचा फोटो आला आणि मी नीट बघते न बघते तोच सरकून गेला. दुसरा आला. तोही पळाला. आठ वर्षं मी या गाणाऱ्या बायकांसमोर मांडी घालून बसले आणि लोकांनी त्यांना चार सेकंद बघायचं!

फोन केला. 'अगं, सगळ्यांची अशीच असते. ट्रेंड आहे.'

ट्रेंड म्हणे. शाळेत माझ्याच वहीतून चित्रं छापायचा, आता मला ट्रेंड शिकवतोय.

मंगळवार, ४

खरंच सगळ्यांची अशीच असते. सकाळी बसून फोटोग्राफर लोकांच्या चौदा साइट बघितल्या. चौदाच्या चौदा! स्क्रीनभर एक फोटो, त्यावर पातळ अक्षरात 'मी क्षण टिपतो'. एक बाई 'आठवणी गोठवते'. बर्फाचा कारखाना आहे का तुझा? खाली सरकवलं की प्रत्येक फोटो धुक्यातून वर येणार. कर्सरच्या जागी मोठा गोल फिरणार आणि नेमका चेहऱ्यावर येऊन थांबणार. एका ठिकाणी उघडलेला फोटो बंद करायची फुलीच सापडेना, शेवटी लॅपटॉप मिटला. नवरी असो, खाडी असो, हॉटेलातली बिर्याणी असो — सगळ्यांना एकाच मापाचा कपडा.

आणि त्यात माझ्या धवलारणी कोंबायच्या! आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते आणि गाता गाता विधी लावते. तिच्याशिवाय हळद लागत नाही. उलव्यापासून मोऱ्यापर्यंत हिंडून एकोणीस जणींचे फोटो काढले. त्यातल्या चार आता नाहीत. नव्या पोरी शिकत नाहीत. हळदीच्या बॅनरवर डीजेचं नाव असतं, बँडवाल्याचं असतं, शुभेच्छुक म्हणून अख्ख्या आळीचं असतं. धवलारणीचं कधीच नाही! म्हणून प्रत्येकीला शब्द दिलाय — फोटोखाली तुझं नाव असेल.

फेलोशिपचा फॉर्म पंधरा तारखेला संध्याकाळी पाचला बंद होतो. मिळाली तर दोन वर्षं हेच काम. उरलेल्या पंधरा जणींची सगळी गाणी रेकॉर्ड करता येतील. नाही मिळाली तर मी आहे आणि तळोज्याच्या कंपन्यांचे व्हॉल्व्ह आहेत, काढा त्यांचे कॅटलॉगसाठी फोटो. निवड समितीला फक्त साइटची लिंक पाठवायची. ते दुसरं काही बघणार नाहीत.

शुक्रवार, ७

सानपाड्याला अभयच्या ऑफिसात गेले. मार्केट जवळ, जिन्यापर्यंत कांद्याचा वास. त्याने मोठ्या खुशीत दाखवलं — सगळे फोटो आता सारख्या चौकोनात. धवलारणी जोडीने गातात. एक ओळ उचलते, दुसरी पुरी करते. माझ्या फोटोत दोघी आहेत. याच्या चौकोनात एकच! दुसरीचं कोपर तेवढं उरलंय.

'ग्रिड कसा एकसारखा दिसतो बघ.'

'मग तुझ्या लग्नाच्या फोटोतून बायकोला काप. तोपण एकसारखा दिसेल.'

मी विचारलं, नावं कुठायत? 'आहेत ना! माऊस ने.' नेला. फोटोवर काळी काच चढली आणि खालून नाव सरकत वर आलं. माऊस काढला — नाव गायब. म्हणजे नाव वाचायचं तर चेहरा झाकायचा आणि चेहरा बघायचा तर नाव नाही! 'क्लीन दिसतं गं', म्हणे. नाव काय घाण आहे?

रविवार, ९

त्याने चौकोन काढून टाकले, पळणारे फोटोही थांबवले. पण गप्प बसवेल तर अभय कसला! आता सगळे फोटो काळेपांढरे केलेत. माऊस नेला की रंग येतो. अरे हळद आहे ती, हळद! काळीपांढरी हळद म्हणजे अंगाला राख फासल्यासारखी दिसते. दोन तास नुसती घरात फिरत होते.

मंगळवार, ११

मोऱ्याला सगुणाआजीकडे गेले. एकाहत्तर वर्षांची, पण आवाज असा की जेट्टीवर ऐकू जाईल. तिच्या सुनेने हौसेने मोबाइलवर साइट उघडली. आता मोबाइलला माऊस कुठून आणायचा? फोटो काळापांढरा तो काळापांढराच. खाली काही नाही. आजीने मोबाइल लांब धरून बघितला.

'आमी मेलो का गो पोरी? मेल्यावानी काला कशाला केलास?'

मग बोटाने फोटोखालची जागा चाचपली. 'आन् माजा नाव?'

'आहे आजी, आत आहे.'

'आत कुठं?'

काय सांगणार, कपाळ! ती रागावलीच नाही. 'चा पी', म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर येऊन अभयला फोन लावला आणि असा काही आवाज चढवला की जाळी विणत बसलेली माणसं वळून बघायला लागली. त्याने मध्येच फोन कट केला.

बुधवार, १२

अभय फोन उचलत नाही. तीन दिवस राहिले.

गुरुवार, १३

उचलला. तोही भडकलेला. 'तुला वाटतं मला अक्कल नाही? साधं करून दिलं की लोक विचारतात, मग यात तू केलंस काय? तेव्हा मी काय सांगू?' वाईट वाटलं. थोडंच.

म्हटलं, ऐक. पांढरं पान. एकाखाली एक फोटो, अख्खा, रंगात. खाली नाव आणि गाव, ठळक. मोबाइलवरही दिसलं पाहिजे. काही हलायचं नाही, काही सरकायचं नाही. 'आणि एक लिहून घे. ज्या फोटोखाली नाव नाही, तो फोटो साइटवर जाणार नाही. एकही नाही! कुणाचाही नाही!'

'बरं बाई.'

शुक्रवार, १४

झालं! मोबाइलवर उघडलं. सगुणा घरत, मोरा. खाली सरकवलं. सरस्वती म्हात्रे. चेहरा आणि नाव, दोन्ही एकदम. हळद पिवळीधम्मक. ढसाढसा रडले. अभयला 'थँक्यू' पाठवलं, तर तोच म्हणतो, 'साला, उघडतंय पण किती पटकन.'

संध्याकाळी त्याचा मेसेज — 'सगळ्यात वरचा फोटो थांबवलाय. तुझ्या यादीत तिचं नाव नाही. नुसतं नामदेवची आय लिहिलंय. नाव पाठव, टाकतो.'

सगळ्यात वरचा. मी काढलेला पहिला. तिनेच मला बाकीच्या अठरा जणींकडे नेलं. कुठल्या विधीला कुठला धवला, सगळं तिने शिकवलं. टायफॉइड झाला तेव्हा तिच्याकडेच पडून होते, पेज भरवायची. अख्खं गाव तिला नामदेवची आय म्हणतं. मीही.

जुन्या वह्या काढल्या. आठ वर्षांच्या. सगळीकडे नामदेवची आय, नामदेवची आय. नामदेवला विचारू? काय तोंडाने? बाकीच्यांचं सोड, डीजेवाल्यांचं सोड. मी काय केलं आठ वर्षं?

शनिवार, १५

सकाळी तिलाच फोन केला. 'बाय, फोटोखाली तुजा नाव काय लिवू?' ती खो खो हसत सुटली. 'मस्करी करतेस का गो? आठ वरसां माज्या घरान जेवतेस. तुला म्हाईत हाय ना!' मीही हसले. 'हाय, हाय', म्हटलं. फोन ठेवला.

पावणेपाचला फॉर्म भरला. साइटवर अठरा जणी आहेत.