कोरडी हनुवटी

दादा,

"पोरीला आणू नकोस, तिची लाळ बघून पाहुण्यांच्या घशाखाली घास उतरत नाही," असं तू माझ्या लेकीबद्दल म्हणालास. जन्मतःच मेंदूला इजा झाल्यामुळे तिला लाळ गिळता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी मी तिला घरी ठेवून एकटाच आलो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी लाळ कमी व्हावी म्हणून तिच्या लाळग्रंथींत बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं. हनुवटीची चिघळलेली कातडी भरून आली. लगेच तुझा फोन: "आता आण की तिला!"

मी तिला विचारलं, "काकाकडे जायचं?" तिने डोळे गच्च मिटले. म्हणजे नाही.

औषध तिच्यासाठी होतं, तुझ्या पाहुण्यांसाठी नव्हे. काही महिन्यांनी त्याचा असर ओसरेल, लाळ पुन्हा गळेल. ती हो म्हणाली तर तेव्हाच येऊ.

हे पत्र टाकत नाही, तोंडावरच सांगतो.

तुझा धाकटा