भट्टी, दुकान आणि धाकट्या सुनेची प्रार्थना

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाववाला, वयाने सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांनी कामातून गेलेला पण डोक्याने ठणठणीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी मला धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो थोरल्याने नीट वाचावा, कारण ‘बाबांना भ्रम झाला होता’ हे वाक्य त्याच्या जिभेवर तयारच असणार. माझा आत्मा मी प्रभू येशूच्या हाती सोपवतो. बाकीचे पुढीलप्रमाणे.

कलम १. माझ्यामागे हक्कदार दोघे. थोरला मुलगा, जो पुढे दुकानात गल्ल्यावर बसतो; आणि धाकट्या मुलाची विधवा, म्हणजे माझी धाकटी सून, जी मागे भट्टी सांभाळते. धाकटा प्रभूत निजला तेव्हापासून थोरल्याने एकच टुमणे लावले आहे : ‘हिला माहेरी पाठवा, भट्टी मोडून टाकू, तयार माल बाहेरून आणू.’ माहेरी तिचे कोणी उरलेले नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. माझे डोळे मिटले की तो तिला घराबाहेर काढणार, म्हणून हा कागद करणे भाग पडले.

कलम २. पराती, साचे, लांब दांड्याचे फावडे आणि तराजू धाकट्या सुनेला द्यावेत. माझा कोट थोरल्याला होत असेल तर त्याने घ्यावा. पोट आत ओढावे लागेल. पिठाच्या व्यापाऱ्याला माझ्या अंत्यविधीला येऊ द्यावे, पण बोलू देऊ नये. आयुष्यभर ओलसर पीठ गळ्यात मारणाऱ्या माणसाने माझ्या शवपेटीपाशी उभे राहून माझे गुण गावेत, हे मला सहन होणार नाही.

कलम ३. हे कलम वकीलसाहेबांना पसंत नाही. ‘मृत्युपत्रात प्रार्थनेचं काय काम?’ म्हणाले. मी म्हटले, साहेब, मरणार मी आहे, तुम्ही फक्त स्वल्पविराम बघा.

नवरा गेला तेव्हा सुनेने रोज प्रार्थना करायची असे मनावर घेतले. भट्टीवर कामाचा रगाडा, वेळ काढणार कुठून? म्हणून ती कणीक मळता मळताच करू लागली. एका सकाळी ती प्रार्थनेत अशी काही बुडाली की मीठ घालायचेच राहिले. अख्ख्या गल्लीने त्या दिवशी अळणी पाव खाल्ला आणि आम्हाला चार शब्द सुनावले. थोरल्याने तिचे नाव ‘अळणीबाई’ ठेवले. दुसरी कोणी असती तर तिने तिथेच हात टेकले असते आणि प्रार्थनेचा नाद सोडला असता.

हिने फक्त वेळ बदलली. पाव भट्टीत सरकवून दार लावले की ते मध्ये उघडायचे नसते, नाहीतर पाव बसतो. तेवढ्या वेळात आम्ही सगळे चहा प्यायला बाहेर पडायचो. ही हात धुऊन भट्टीपाशी स्टुलावर बसू लागली. ताप असला तरी बसली, हात भाजून पट्टी बांधली होती तेव्हाही बसली. कधी कधी उठताना म्हणायची, ‘आज एक शब्द सुचला नाही, बाबा.’

‘मग बसलीस कशाला?’

‘उद्या सुचेल की. बसायची सवय तरी मोडायला नको.’

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मला बाहेर जाणे जमेना, तेव्हा मीही शेजारी दुसरे स्टूल ओढले. मला काय येत होते? शिकवलेली प्रार्थना घडाघडा म्हणायचो आणि पेंगायचो. मग काही दिवस परमेश्वरापुढे पिठाच्या व्यापाऱ्याचीच गाऱ्हाणी गायली. सून खुदकन हसली. म्हणाली, ‘चालेल की बाबा! गल्लीभर सांगत फिरण्यापेक्षा देवालाच सांगा.’ हळूहळू गाऱ्हाणी संपली आणि बोलणे उरले. आता सकाळी तिथे बसलो नाही तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखे होते. पाळकसाहेबांची इतकी प्रवचने ऐकून जे झाले नाही, ते या पोरीने मला एकदाही उपदेश न करता केले. पाळकसाहेबांनी राग मानू नये. ते साक्षीदार आहेत, तेव्हा त्यांना हे वाचावेच लागेल. मला या मुलीचा अभिमान वाटतो. जिवंतपणी तोंडावर सांगणे जमले नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ४. थोरल्याने रोज प्रार्थना केली तरच त्याला वाटा मिळावा, अशी अट मी घालणार होतो. सून म्हणाली, ‘मग दादा वकिलांना दाखवायला डोळे मिटतील.’ अट काढली. माझे स्टूल मात्र त्यालाच द्यावे.

कलम ५. याआधीचा मसुदा मी रद्द करतो. त्यात दुकान, भट्टी, वरच्या खोल्या, सगळे सुनेच्या नावावर होते आणि थोरल्याच्या नावावर तो कोट. मी तो तिला वाचायला दिला. वाटले, पोरीच्या जिवाला घोर उरणार नाही. तिने वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला.

‘हे असं नको, बाबा.’

‘अगं, तो तुला रस्त्यावर आणेल!’

‘मला राहायला जागा लिहून द्या, पुरे. सगळं माझ्या नावावर केलंत तर उद्या भट्टीपाशी बसून दादांसाठी कुठल्या तोंडानं मागू?’

म्हणून आता असे ठरवतो : भट्टी आणि वरची मागची खोली सुनेची, तिथून तिला कोणीही, कधीही हलवू नये. दुकान आणि बाकीच्या खोल्या थोरल्याच्या.

थोरल्या, भट्टीचे दार लागले की ती पहिले नाव तुझे घेते. मी शेजारीच बसतो, माझ्या कानांनी ऐकतो. तू तिची ट्रंक उचलून दाराबाहेर ठेवलीस, त्या सकाळीही तिने तुझेच नाव आधी घेतले. तुला मिळते आहे ते तिने तुझ्यासाठी मागून घेतले आहे. मी तुला काहीच देणार नव्हतो.

हे लिहिलेले मी पुन्हा वाचले, मान्य आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही : पाववाला
साक्षीदार : १. आमच्या मंडळीचे पाळक (सही) २. समोरचे औषधवाले (सही)
ठिकाण : राहते घर, भट्टीमागची खोली
दिनांक : ९ मार्च २०२६