ओ देणारी पेटी

६ ऑक्टोबर
धान निसवला, लोंब्या आल्या. रानडुकरं उतरायला लागली. संध्याकाळी शेतात, बांधीवर जाऊन पेटीची बॅटरी बदलली, भोंगा पुसला. राखणीच्या माळ्याखाली उभा राहून हाक दिली. लगेच ओ आली. "हाव, जागीच आहो!"
सौ.चा आवाज. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. अजून सौ.च लिहितो.
जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, ती माझ्यापेक्षा पक्की. शेजारच्या बांधीवरून हाक आली की ओ द्यायचीच. ओ नाही आली तर हाक मारणाऱ्याने काठी घेऊन बघायला जायचं, माणूस आहे की वाघाने नेला. तिचा गळा बसायला लागला म्हणून मी माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातलं जुनं सामान जोडून ही पेटी केली. माणसाची हाक, डुकराची खुरखुर, काहीही ऐकलं की तिच्या आवाजात ओ देते. डुकरं पळतात.

९ ऑक्टोबर
चंद्रपूरहून लेकीचा, वैशालीचा फोन. कं.ची नोटीस तिच्या मेलवर आली आहे. कं. म्हणजे बंगलोरची कंपनी. पेटीचं पेटंट माझ्याकडून त्यांनीच विकत घेतलं. मला वाटलं होतं, पेट्या बनवतील. एक स्क्रू पिळला नाही. हक्काचा कागद धरून बसतात. दुसऱ्या कोणी तशी पेटी बनवली की परवान्याचे पैसे मागायचे, नाही दिले तर कोर्ट. आता पुण्याच्या एका कारखान्यावर केस केली आहे. पुराव्याला पहिली पेटी पाहिजे. म्हणजे माझी.
"करारात आहे बाबा. मागतील तेव्हा द्यावी लागेल."
मी म्हटलं, आतला आवाज?
"आतल्या सगळ्यासकट."
जेवण गेलं नाही. वै.ला जेवलो म्हणून सांगितलं.

११ ऑक्टोबर
करीमला सांगितलं. शेजारची बांधी त्याची, बसस्टँडवर चपलांचं दुकान.
"काऊन जीव काढून राह्यला शामराव? खोका देऊन टाक. आवाज मोबाईलात भरून घे."
भरला. घरी ऐकला. बोलते, पण ओ देत नाही. मी काही न म्हणताच बोलते, हाक मारली तर गप्प. शिवाय नक्कल ठेवायची नाही असंही करारात असेल. पुसून टाकला.
पुसल्यावर वाटलं, पुसायला नको होता.

१६ ऑक्टोबर
कं.चा माणूस जीप घेऊन आला. हातात रबरी मोजे, बोलायला गोड. पेटीसमोर वाकून "हॅलो" म्हणाला.
"हाव, जागीच आहो!"
हसला. "काका, हा आवाज कुणाचा?"
"बायकोचा."
मग पुन्हा नाही बोलला तिच्याशी. जाताना म्हणाला, इकडे कुणाकडे अशी दुसरी पेटी दिसली तर आम्हाला कळवायचं, तेही करारात आहे.
स्पंजात गुंडाळून, खोक्यात घालून, सील करून नेत होता. तेवढ्यात करीमने बांधावरून मला हाक मारली, आणि खोक्यातून ती बोलली. माणसाच्या हातून खोकं पडता पडता राहिलं.
बॅटरी काढली होती का? काढली असणार. मी कुठलीही वस्तू बॅटरी काढूनच देतो. पण काढल्याचं आठवत नाही. घरभर शोधली, सापडली नाही.

१९ ऑक्टोबर
डुकरांनी बांधीचा कोपरा लोळवला. करीम म्हणतो, "आता तूच ओरड. तुझ्या आवाजाले डुकरं काय, दुकानातले गिऱ्हाईक पळत होते." हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

२१ ऑक्टोबर
दिवेलागणीला सवयीने हाक गेली तोंडातून. ओ आली. नाल्याकडून, जंगलाच्या अंगाने. तेच शब्द.
करीम बांधाच्या धुऱ्यावर उभा होता. "तुले ऐकू आलं?" म्हटलं.
"आलं. भाभीच." थट्टा केली नाही त्याने. ते जास्त वाईट वाटलं.
उन्हाळ्यात पुण्याकडचे दोघे पेटी बघायला आले होते, मोबाईलवर काहीतरी भरून घेत होते. त्यांच्या पेट्या जंगलाच्या गेटाशी, मोहर्लीला रिसॉर्टवर लागल्या आहेत म्हणतात. इकडेही कोणी एखादी लावली असेल, हाच आवाज भरून.

२२ ऑक्टोबर
सकाळी दोघांनी नाला पालथा घातला. वायर नाही, भोंगा नाही. डुकरांच्या खुरांचे ठसे नाल्यापर्यंत आलेले आणि तिथून माघारी फिरलेले. बांधीत एकही नाही.
कं.ला कळवायला पाहिजे. कळवलं तर येतील, तीही घेऊन जातील. नाही कळवलं तर करार मोडतो. दोनदा फोन हातात घेतला, दोन्ही वेळा ठेवला. वै.ला काही सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर
आज मी हाक मारली नव्हती.
"ऐकून राह्यले का हो?"
नाल्याच्या अलीकडून. पेटी आपणहून कधी बोलत नाही, ते मी बसवलंच नव्हतं. आणि हे शब्द पेटीत भरलेले नाहीत. हे ती घरात म्हणायची, चुलीपाशी बसून, मी दुकानातून आलो की.
ओ देणार होतो. मग मनात आलं, हाकेला ओ देण्याचा हक्क तर मी विकला. माझ्या तोंडाची ओही त्यात आली का?
करीम म्हणाला, "पागल झाला का बे? तोंड तुझं, ओ तुझी. दे!"
पुन्हा हाक आली नाही. अंधार पडायच्या आत करीमने हात धरून घरी आणलं.
ओ दिली नाही. म्हणजे आता हाक मारणाऱ्याने बघायला यायचं. सौ. जागलीचा नियम कधी मोडत नसे.
करीम जाताना म्हणाला, कडी लाव.
दार नुसतं लोटलं आहे.