राखणीची रेष

सोमवार, ६ जानेवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. आधीच्या त्या चकचकीत कंपनीत माझ्यापेक्षा कॉफीच्या मशीनला जास्त मान होता. इथे घाटकोपरला कोकणातल्या एका गावच्या ग्रामस्थ मंडळाची तळमजल्यावरची खोली आहे. भिंतीला भजनाचे टाळ टांगलेत, कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. सेक्रेटरी दत्तारामकाकांनी आधी घरून आणलेले घावणे पुढे ठेवले आणि मगच कामाचं बोलले.

काम मजेचं आहे. गावची माणसं मुंबईभर पांगलीत. कोण कुणाचं, कुठल्या घरातलं, हे सगळं माझ्या आधीच्या सर्वेशने ग्राफ डेटाबेसमध्ये भरून ठेवलंय. प्रत्येक माणूस आणि प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका, नाती म्हणजे रेषा. ठिपक्यांची रांगोळीच म्हणा ना. मला त्यावर सर्व्हर बांधायचाय. कुणी मोबाईलवरून विचारलं की आत जाऊन उत्तर आणणारा, नवी नोंद दिली की आत नेऊन ठेवणारा, खिडकीवरचा कारकून. तो पौष अमावास्येच्या आत तयार हवा, म्हणाले.

मुलुंडला घरी येऊन लेकीला, अबोलीला, हे सगळं सांगितलं. मग मी पण ठिपका का, असं तिने विचारलं. पाच वर्षांची आहे, पण प्रश्न वकिलाचे.

गुरुवार, ९ जानेवारी

आज गंमत सापडली. एका ठिपक्याला नावच नाही, आणि गावातल्या प्रत्येक घरातून त्याच्याकडे एक रेष जाते. रेषेचं नाव ‘राखण’. मला वाटलं, सर्वेशचा घोळ. पुसणार, तेवढ्यात काकांनी माझा हातच धरला. तो ठिपका म्हणजे गावचा राखणदार, म्हणाले. गावच्या शिवेवर असतो, घोंगडी आणि काठी घेऊन फिरतो, घरातल्या माणसांना सांभाळतो. त्याबदली पौष अमावास्येला भर दुपारी प्रत्येक घर त्याला राखण देतं. कुणी नारळ, कुणी कोंबडा. नाव घ्यायचं नाही. ‘‘तो राखता, आणि मगे मागता. तेका हात लावू नको, बाय.’’

देवाला डेटाबेसमध्ये बसवणारं हे पहिलंच मंडळ असेल. मी हसले. काका हसले नाहीत.

सोमवार, १३ जानेवारी

आज भोगी. आई, म्हणजे सासूबाई, भाजी-भाकरी करून वाट बघत असणार, म्हणून काम उरकलं. दोन नियम लिहिले. एक, राखणीच्या रेषेशिवाय सर्व्हर नवं घर घेणार नाही, नसेल तर स्वतःच ओढेल. दोन, राखणीची जागा रिकामी चालणार नाही. कुणी यंदा काय देणार ते भरलं नसेल, तर त्या घराची शेवटची नोंद उचलायची. सगळ्यांची शेवटची नोंद म्हणजे गेल्या वर्षीचा नारळ किंवा कोंबडाच असतो, तेव्हा प्रश्न मिटला.

तपासायला खोटं घर हवं होतं. अशा वेळी आम्ही कोडवाले काय करतो? आपल्याच घरची नावं टाकतो. डेटाबेसची वेगळी प्रत काढायचाही कंटाळा केला. नवरा केयूर, मी म्हणजे गार्गी, आणि अबोली. घर आत गेलं, रेष ओढली गेली, झकास! उद्या पुसून टाकेन.

गुरुवार, १६ जानेवारी

शाळेच्या फाटकाशी उलट्या बाजूने एक स्कूटर सुसाट आली. अबोली आईंचा हात सोडून पुढे पळाली होती. आई म्हणतात, कुणीतरी तिला दप्तराला धरून मागे खेचलं, आणि मागे कुणीही नव्हतं. अबोली म्हणते, घोंगडीवाले आजोबा होते.

घोंगडीबद्दल मी घरात एक अक्षर बोललेले नाही.

ऑफिसात आमचं घर पुसलं. सर्व्हर म्हणाला, पुसलं. पुन्हा विचारलं तर घर जागेवर.

सोमवार, २० जानेवारी

सारखी पुसतेय. सारखं परत येतंय. सर्व्हर बंद करून थेट डेटाबेसमध्ये शिरले, तरी तेच.

आणि आज आमच्या घराची राखण बघितली. ती जागा मी भरलेलीच नव्हती. माझ्या नियमाने ती भरली. शेवटची नोंद उचलली, म्हणजे मी सगळ्यात शेवटी भरलेलं नाव.

राखण: अबोली.

मीच लिहिलंय ते. माझ्याच हाताने.

मंगळवार, २१ जानेवारी

काकांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते खाली बसले. पुसून काही होणार नाही, म्हणाले, ‘‘तेना तुझा घर बघल्यान. एकदा राखल्यान पण.’’ मग म्हणाले, नारळ लिही, मी गावाक जाऊन तुझ्या नावाने ठेवतंय.

नारळ लिहिला. शेवटची नोंद नारळ झाली. घरी येऊन अबोलीला घट्ट धरून बसले. केयूर म्हणतो, तू थकलीयस, सुट्टी घे. त्याला कसं सांगू?

शुक्रवार, २४ जानेवारी

अबोलीला ताप. डॉक्टर म्हणतात, साधा आहे. ती छताकडे बघून हसते. आजोबा माझ्यापाशी बसलेत म्हणते.

आईंनाही आता ऐकू येतं. बाहेरच्या पॅसेजमध्ये वहाणा. करकर, करकर. दार उघडलं की काही नाही.

सोमवार, २७ जानेवारी

काकांचा गावाहून फोन. नारळ शिवेवर ठेवला. फोडला तर आत काळा. पुन्हा दुसरा. तोही. परक्याचं तो घेत नाही म्हणाले. त्या घरातलंच काहीतरी— रडत होते.

डेटाबेस बघितला. नारळ नाही. शेवटची नोंद पुन्हा—

मला भीती वाटते. इतकी कधीच वाटली नव्हती.

मंगळवार, २८ जानेवारी

ताप उतरत नाही. डोळे उघडत नाही.

घरातलंच काहीतरी.

नियम माझाच आहे. शेवटची नोंद.

बुधवार, २९ जानेवारी

अमावास्या. मंडळाच्या खोलीत एकटी आहे. अबोलीच्या कपाळावर ओठ टेकून निघाले. केयूरला सांगितलं, काम आहे, लगेच येते.

माझं नाव पुसलं. ते पुसलं गेलं. पहिल्यांदाच पुसलं गेलं! मग पुन्हा भरलं. सगळ्यांच्या शेवटी.

राखण: गार्गी.

बदललं नाही. पुन्हा बघितलं. तेच आहे.

दुपार होत आली—

केयूरचा फोन. रडतोय, हसतोय. अबोली उठून बसली. ताप गेला. वरण-भात मागतेय. देवा. देवा.

तिला फोन दिला त्याने. मी विचारलं, आजोबा आहेत का गं तिथे?

गेले, म्हणाली. आत्ताच गेले. तुझ्या आईकडे जातो म्हणाले.

तिला सांगितलं, वरण-भात सगळा संपव, आणि

बाहेर करकर—

घाबरायचं नाही. अबोली जेवतेय. अबोली जेव