कादरचाचांचा ळ

खामगाव
८ जानेवारी २०२५

आदरणीय कादरचाचा,

सलाम. थंडीत गुडघे धरले असतीन, सुनेले, सलीमाले सांगून तिळाचं तेल लावत जा. इकडं सारे खुशाल.

तीन वर्षं तुम्ही माहा फोन घेतला नाही, म्हणून हे पत्र. फाडू नका, पुरं वाचा.

मी तुमच्या अक्षरांचा फॉन्ट करून राह्यली. म्हणजे तुमच्या हातचं अक्षर कॉम्प्युटरात, कोणालेबी टाइप करता येईन असं. आधी तुम्ही रंगवलेल्या दुकानांच्या बोर्डांचे फोटो काढून मोठे केले, तं कडा चौकोन चौकोन फाटल्या. मंग समजलं, फॉन्टात चित्र नसतेच! नुसते टिंबं असतात, अन् एका टिंबावरून दुसऱ्यावर रेघ कशी वाकवायची ते लिहिलेलं असते. कॉम्प्युटर अक्षर दरवेळी नव्यानं काढते. पोस्टकार्डावर काढा नाहीतं कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर, कड तशीच साफ.

मी शहाणपणा केला, एका 'म'ले शंभर टिंबं ठोकले. अक्षराले गाठी आल्या. मंग तुमचं बोलणं आठवलं, "काऊन भेतं वं पोरी? वळणावर थांब, मधात नको." टिंबं वळणावरच ठेवले. बावीसच पुरले. अक्षर असं निघालं की मी दुकानात एकटीच "वा चाचा!" म्हणून ओरडली.

गावात तुमचे सात बोर्ड उरले. त्यातून सारे अक्षरं निघाले. एक सोडून. ळ कुठंच नाही.

ळ कोणत्या बोर्डावर होता, तुम्हाले माहीत आहे. 'कोकिळा आर्ट्स', माह्या दुकानावरचा. न सांगता दोन दिवस खपून तुम्ही तो रंगवला, अन् फ्लेक्सची मशीन आल्यावर मी पत्र्याच्या तुकड्यानं खरडून टाकला. मशीनवाले म्हणाले म्हणून खरडला, असं साऱ्यांले सांगतलं. खोटं होतं ते. ब्रशवाल्या पेंटरची चेली म्हणवून घ्यायची मले लाज वाटली. तुमची लाज वाटली, चाचा. चुकलं माहं.

ळ मनानं मलेबी काढता येते. पण तो माहा होईन, तुमचा नाही. फॉन्टचं नाव 'कादर' ठेवलं. त्यात उसनं अक्षर मी घालणार नाही.

सलीमा म्हणे, तुमचा हात कापते. कापू द्या. जिथं हात वळंन तिथंच टिंब ठेवीन, एकबी रेघ सरळ करणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं मेहकरवरून लोणारले तुमच्या घरी येईन, ब्रश अन् काळा रंग घेऊन. दार नाही उघडलं तं ओट्यावर बसीन. मंग पुढच्या रविवारी येईन, त्याच्या पुढच्याबी. थकणारी चेली तुम्ही घडवलीच नाही.

दुकानावरचा फ्लेक्स मी काल काढला. वर भिंत कोरी आहे. या पत्राखाली सहीतबी ळची जागा सोडली. ते अक्षर आता तुमच्याच हातानं भरंन.

तुमची गुन्हेगार, अन् तरीबी तुमचीच चेली,
कोकि___